निकालानंतरचे ४५ दिवस आणि त्याआधीची यादी: मतदाराने कायद्याकडे नेमके काय मागावे?

ओढ्याकाठी (धागाकर्ता)

गेल्या विधानसभेला, २० नोव्हेंबर २०२४ रोजी, माझी ७१ वर्षांची आत्या सकाळी सातच्या आधीच मतदान केंद्रावर जाऊन रांगेत उभी राहिली आणि पाऊण तासाने मत न देता घरी परतली. यादीत तिचे नाव नव्हते. नंतर चौकशी केली, तेव्हा वगळलेल्या नावांत ती मृत म्हणून दाखवल्याचे कळले. केंद्राध्यक्ष सौजन्याने वागले, त्यांनी यादी दोनदा चाळली, पण यादीत नाव नसेल तर ओळखपत्र हातात असूनही त्यांच्यापुढे इलाज नव्हता. आत्याने पुन्हा अर्ज भरला आणि काही महिन्यांनी नाव परत आले. ते एक मत मात्र गेले ते गेलेच.

तेव्हापासून मी या विषयातला कायदा जमेल तसा वाचतो आहे. लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५० च्या कलम २२ नुसार, कोणी त्या ठिकाणी राहत नाही किंवा नोंदणीला पात्र नाही या कारणावरून नाव काढायचे असेल, तर मतदार नोंदणी अधिकाऱ्याने त्या व्यक्तीला आधी म्हणणे मांडण्याची संधी दिली पाहिजे. मृत्यूच्या कारणाला ही अट नाही. ते तर्काला धरूनच आहे, कारण मृताला नोटीस कोणत्या पत्त्यावर पाठवणार? पण जिवंत माणूस चुकून मृत ठरला, तर ज्याला ऐकून घेण्याची सर्वांत जास्त गरज आहे त्यालाच कायदा ऐकून घेत नाही. शिवाय कलम २३ प्रमाणे उमेदवारी अर्ज भरण्याची शेवटची तारीख उलटली की यादीत कोणतेही नाव घालता किंवा काढता येत नाही. २०२४ ला ही तारीख २९ ऑक्टोबर होती आणि नव्या अर्जावर हरकतींसाठी सात दिवस ठेवावे लागतात, म्हणजे आत्याला आपण ‘मृत’ आहोत हे कळण्याच्या महिनाभर आधीच दार बंद झाले होते.

मतदानानंतरच्या मुदतीही अशाच आहेत. निवडणूक याचिका निकालापासून ४५ दिवसांत उच्च न्यायालयात दाखल व्हावी लागते, यंत्राच्या पडताळणीचा अर्ज सात दिवसांत द्यावा लागतो, आणि महापालिकेच्या निवडणुकीत तर दहाच दिवस मिळतात. निवडणुकीवरचा आपला बहुतेक वाद निकालाच्या संध्याकाळी सुरू होतो आणि कागद जमवण्याचे भान येईपर्यंत यातल्या बऱ्याच मुदती उलटलेल्या असतात. म्हणून पुढील निवडणुकांपूर्वी आयोगाला आणि विधी मंत्रालयाला पाठवण्यासाठी एक निवेदन तयार करावे असे मनात आहे. त्यात काय असावे यावर येथील अनुभवी मंडळींनी लिहावे. कोणता पक्ष जिंकला आणि का, हा या धाग्याचा विषय नाही.

खडा सवाल

निवेदनात एकच मागणी पुरेशी आहे: यंत्रे बंद करा आणि कागदी मतपत्रिका आणा. सोलापूर जिल्ह्यातील मारकडवाडी गावच्या लोकांनी ३ डिसेंबर २०२४ ला स्वतः मतपत्रिकेवर मतदान घ्यायचे ठरवले, तर प्रशासनाने जमावबंदी लावली. लपवायचे काही नसेल तर अडवायचे कशाला?

वकीलवाडा

ही मागणी न्यायालयात नव्याने मांडण्यासारखी राहिलेली नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या २६ एप्रिल २०२४ च्या निकालात न्या. संजीव खन्ना आणि न्या. दीपांकर दत्ता यांनी मतपत्रिकेकडे परत जाण्याची आणि व्हीव्हीपॅटच्या, म्हणजे दिलेले मत चिठ्ठीवर छापून दाखवणाऱ्या यंत्राच्या, सर्व चिठ्ठ्या मोजण्याची, अशा दोन्ही मागण्या फेटाळल्या. संसदेकडे ती मागणी जरूर करावी, कारण यंत्रे आली तीही संसदेच्या दारातूनच. १९८२ मध्ये केरळातील परवूर मतदारसंघातील ५० केंद्रांवर प्रथम यंत्रे वापरली गेली, तेव्हा कायद्यात त्यांना आधार नाही म्हणून सर्वोच्च न्यायालयाने १९८४ मध्ये तेथील निवडणूक रद्द केली आणि त्या केंद्रांवर मतपत्रिकेने फेरमतदान झाले. त्यानंतर लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५१ मध्ये यंत्रांना आधार देणारे कलम ६१अ घातले गेले.

मारकडवाडीबद्दल एक गोष्ट नेहमी विसरली जाते. त्यांच्या माळशिरस मतदारसंघात त्या गावकऱ्यांना हवा असलेला उमेदवार निवडून आला होता. त्यांचा प्रश्न आपल्या गावच्या केंद्राच्या आकड्यापुरता होता. संशय बहुधा असाच असतो, संपूर्ण राज्याच्या आकडेवारीबद्दल कमी आणि आपल्या शाळेच्या खोलीत काय झाले याबद्दल जास्त. त्याला उत्तर द्यायचे तर त्या खोलीतला कागद दाखवावा लागेल. गावाने स्वतः मतदान घेण्याला कायद्यात स्थान नाही हे खरे, पण जमावबंदीने कोणाचा विश्वास वाढला असेल असे मला वाटत नाही.

जुना केंद्राध्यक्ष

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक होतो आणि निवृत्तीपर्यंत अनेक निवडणुकांत केंद्राध्यक्ष म्हणून काम केले. वकीलसाहेबांनी खोलीतल्या कागदाचा उल्लेख केला म्हणून तो कागद कसा तयार होतो ते सांगतो.

पहाटे उमेदवारांच्या प्रतिनिधींसमोर किमान ५० मतांचे अभिरूप, म्हणजे चाचणीचे, मतदान होते. यंत्राचा निकाल आणि व्हीव्हीपॅटच्या चिठ्ठ्या जुळवून पाहिल्यावर यंत्रातील ती मते पुसायची असतात, आणि त्या चिठ्ठ्यांवर शिक्का मारून त्या जाड काळ्या पाकिटात सीलबंद करायच्या असतात. पुसायचे विसरले तर संध्याकाळी हिशोबात नेमकी तेवढी मते जास्त दिसतात. हे घडते, आणि ते घडले की गावभर ‘यंत्रात मते भरून आणली होती’ अशी चर्चा होते.

संध्याकाळी शेवटचा मतदार गेल्यावर ‘क्लोज’ बटण दाबले जाते आणि नमुना १७-सी भरायला घेतला जातो. त्यात यंत्रांचे क्रमांक, केंद्रावरील एकूण मतदार, १७-ए नोंदवहीत सही किंवा अंगठा केलेल्यांची संख्या, सही करूनही मत न देणारे, यंत्राने दाखवलेली एकूण मते, प्रदत्त मते (आपल्या नावावर आधीच कोणी मत दिलेल्या मतदाराची कागदी मते) आणि कागदी सीलचे क्रमांक लिहावे लागतात. निवडणूक संचालन नियमांतील नियम ४९-एस प्रमाणे त्या वेळी हजर असलेल्या प्रत्येक प्रतिनिधीला याची खरी प्रत द्यायची आणि पोच घ्यायची असते. मागितली तरच द्यावी असे त्यात कुठेही नाही.

प्रत्यक्षात सकाळी माझ्यासमोर सहा-सात प्रतिनिधी बसलेले असत. दुपारी जेवणाला गेलेले निम्मे परत येत नसत. साडेसहाला मी कागद भरायला घेई तेव्हा दोघे उरत आणि त्यांतला एक शेवटची एसटी चुकेल म्हणून दारात उभा असे. एकदा तर उरलेल्या एकुलत्या प्रतिनिधीने सही केली, प्रत घडी करून खिशात ठेवली आणि बाहेर चहाच्या टपरीवर त्याच कागदावर भजी ठेवून खाल्ली. मी स्वतः पाहिले आहे. पुढे मतमोजणीच्या दिवशी त्याच पक्षाने आकडा मान्य नसल्याचे सांगितले, तेव्हा त्यांच्याजवळ दाखवायला काहीच नव्हते.

ओढ्याकाठी

काका, मनापासून आभार. भज्यांचा प्रसंग निवेदनात घालता येणार नाही याचे वाईट वाटते. एक विचारतो: प्रतिनिधी नसलेल्या सामान्य मतदाराला ही प्रत मिळते का?

वकीलवाडा

नाही, आणि सध्याचा खरा कायदेशीर वाद तेथेच आहे. असोसिएशन फॉर डेमोक्रॅटिक रिफॉर्म्स आणि कॉमन कॉज या संस्थांनी २०२४ च्या लोकसभा निवडणुकीदरम्यान मागणी केली की १७-सी मधील केंद्रनिहाय आकडे मतदानानंतर ४८ तासांत संकेतस्थळावर टाकावेत. २४ मे २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या सुट्टीतील खंडपीठाने निवडणूक चालू असताना तसा अंतरिम आदेश देण्यास नकार दिला. लगेच दुसऱ्या दिवशी आयोगाने पहिल्या पाच टप्प्यांतील मतदारसंघनिहाय मतदानाचे प्रत्यक्ष आकडे स्वतःहून प्रसिद्ध केले. म्हणजे याचिकेने आदेश मिळवला नाही, पण आकडे बाहेर आणले. पुढे मार्च २०२५ मध्ये आयोगाने याचिकाकर्त्यांचे निवेदन ऐकून घेण्याची तयारी दाखवली. तेव्हा या मागणीसाठी निवेदन हा मार्ग पोकळ नाही.

महाराष्ट्राला याची गरज का आहे ते नोव्हेंबर २०२४ मध्ये दिसलेच. संध्याकाळी पाचचा तात्पुरता आकडा ५८.२२ टक्के आणि अंतिम ६६.०५ टक्के होता. पाचचा आकडा केंद्रांवरून तोंडी कळवलेल्या माहितीवर उभा असतो आणि अंतिम आकडा कागद जुळवून येतो, त्यामुळे फरक पडणारच. पण त्या रात्री प्रत्येक केंद्राचा १७-सी कोणालाही पाहता आला असता, तर या फरकाचे स्पष्टीकरण प्रवक्त्याला द्यावे लागले नसते. सहानंतरच्या मतदानावर बोट ठेवून सर्व २८८ जागांचा निकाल रद्द करण्याची मागणी करणारी याचिका मुंबई उच्च न्यायालयाने २५ जून २०२५ रोजी फेटाळली. माझ्या मते ती फेटाळली जाणारच होती. घटनेच्या अनुच्छेद ३२९(ब) प्रमाणे निवडणुकीला आव्हान फक्त निवडणूक याचिकेनेच देता येते, तेही एकेका मतदारसंघापुरते आणि ठोस तथ्ये मांडून. सरसकट संशयावर याचिका टिकत नाही आणि ती फेटाळली गेली की पुढच्या चांगल्या याचिकेचेही नुकसान होते.

अंगणवाडीताई

मी काही वर्षे बीएलओचे, म्हणजे केंद्राची मतदार यादी सांभाळणाऱ्या अधिकाऱ्याचे, काम करते आहे. धागाकर्त्यांच्या आत्याबाईंचे वाचून गप्प राहवले नाही, कारण असे नाव कसे जाते ते मी जवळून पाहिले आहे.

आमच्याकडे हजारभर नावांची यादी असते आणि घरोघरी फिरण्याचे काम अंगणवाडी सुटल्यावर करायचे असते. दुपारी निम्मी घरे बंद असतात. शेजारी विचारायचे. माझ्या एका सहकारी बाईंनी एका घराशेजारी विचारले, “या आजी कुठे आहेत?” शेजारीण भांडी घासता घासता म्हणाली, “त्या गेल्या की दिवाळीनंतर.” त्या मुलाकडे ठाण्याला गेल्या होत्या. नोंद झाली मृत म्हणून. शेजारीण खोटे बोलली नाही, सहकारी बाईंनीही मुद्दाम काही केले नाही, पण आजी यादीतून गेल्या.

मृत्यूच्या कारणावरून नाव काढताना ग्रामपंचायतीचा मृत्यू दाखला, आणि तो नसेल तर घरातील व्यक्तीचे लेखी निवेदन व दोन शेजाऱ्यांच्या सह्यांचा पंचनामा सक्तीचा करावा, असे माझे मत आहे. हा नियम झाला तर आम्हालाही बरे, कारण चूक झाल्यावर १९५० च्या कायद्याच्या कलम ३२ खाली कारवाईची भीती आम्हालाच दाखवली जाते. शिक्षा किमान तीन महिन्यांची आहे आणि मानधन किती आहे ते विचारू नका.

दुबार नावांबद्दलही लिहिते. दुबार नाव म्हणजे दुबार मतदान नव्हे. लग्न होऊन आलेल्या मुलीचे नाव माहेरी तसेच राहते, भाडेकरू जागा बदलतो आणि पत्ताबदलाचा नमुना ८ भरण्याऐवजी नव्या नोंदणीचा नमुना ६ भरतो. ही नावे काढायलाच हवीत, पण दोन्हीकडची एकदम काढली गेल्याचीही उदाहरणे आहेत.

ओढ्याकाठी

ताई, ‘त्या गेल्या’ वाचून मी आत्याच्या शेजाऱ्यांना विचारून आलो. त्या पावसाळ्यात ती दोन महिने माझ्या बहिणीकडे होती. आणखी काही विचारायची गरज उरली नाही.

तुमच्या सूचनेला बिहारच्या प्रकरणाचा आधार मिळतो. तेथील मतदार यादीच्या विशेष सखोल पुनरीक्षणात (फेरतपासणीत) १ ऑगस्ट २०२५ च्या प्रारूप यादीतून सुमारे ६५ लाख नावे बाहेर राहिली. १२ ऑगस्टला राजकीय कार्यकर्ते योगेंद्र यादव यांनी मृत ठरवलेल्या दोन जिवंत व्यक्ती सर्वोच्च न्यायालयात उभ्या केल्या आणि १४ ऑगस्टला न्यायालयाने ही सगळी नावे, प्रत्येकासमोर वगळण्याचे कारण लिहून, संकेतस्थळावर शोधता येतील अशी आणि स्थानिक कार्यालयांतही लावण्याचा अंतरिम आदेश दिला. पुनरीक्षण थांबवले नाही, पण यादी उघडी करायला लावली. तेच महाराष्ट्रात प्रत्येक पुनरीक्षणाच्या वेळी, न्यायालयात न जाता, का होऊ नये? वगळलेल्या नावांची कारणांसह यादी ग्रामपंचायतीच्या फलकावर लागली असती, तर आत्याचे नाव तिच्या आधी दहा जणांनी वाचले असते.

ऱ्हाइनकाठचा

जर्मनीत राहतो. येथे मला मताचा अधिकार नाही, पण मतमोजणी पाहण्याचा आहे, कारण मतदान आणि मोजणी दोन्ही येथे सर्वांसाठी खुली असतात. मागे एका रविवारी संध्याकाळी शेजारच्या शाळेत जाऊन बसलो. टेबलावर मतपत्रिकांचे गठ्ठे, त्याभोवती सात-आठ नागरिक आणि मागे मी. कोणी ‘आपण कोण?’ म्हणूनही विचारले नाही.

३ मार्च २००९ रोजी येथील घटना न्यायालयाने २००५ च्या निवडणुकीत वापरलेली मतदान यंत्रे घटनाबाह्य ठरवली. यंत्रांत फेरफार झाल्याचे सिद्ध झालेले नव्हते. विशेष तांत्रिक ज्ञान नसलेल्या नागरिकाला निवडणुकीचे महत्त्वाचे टप्पे स्वतः तपासून पाहता आले पाहिजेत, ही न्यायालयाची कसोटी होती. निवेदनात ही कसोटी यावी असे मला वाटते. भारतात यंत्रे राहणार असतील तर राहोत, पण माझ्या आईला दिसेल असा पुरावा कोणता, या प्रश्नाला उत्तर हवे.

खडा सवाल

मी हेच म्हणत होतो! सात सेकंद चिठ्ठी दिसते आणि पेटीत पडते, पुढे ती मोजली जात नाही.

वकीलवाडा

काही मोजल्या जातात. २०१९ पासून प्रत्येक विधानसभा क्षेत्रात पाच केंद्रांच्या चिठ्ठ्या मोजतात आणि केंद्राचा आकडा १७-सी शी जुळत नसेल, तर त्या केंद्राच्याही मोजतात. त्याशिवाय सर्वोच्च न्यायालयाच्या एप्रिल २०२४ च्या त्याच निकालाने दुसऱ्या आणि तिसऱ्या क्रमांकाच्या उमेदवाराला पाच टक्के यंत्रांच्या मेमरीची तपासणी मागण्याचा अधिकार दिला आहे. फेब्रुवारी २०२५ मध्ये, ही तपासणी करताना यंत्रातील माहिती पुसू नका, असेही न्यायालयाने आयोगाला सांगितले.

पण मला आपले लक्ष एका लहान प्रकरणाकडे वेधायचे आहे. हरियाणातील पानिपत जिल्ह्यात बुआना लाखू नावाचे गाव आहे. नोव्हेंबर २०२२ मध्ये तेथे सरपंचपदाची निवडणूक झाली. एका केंद्रावर दोन उमेदवारांची मते एकमेकांच्या नावापुढे लिहिली गेल्याची तक्रार होती. पराभूत उमेदवार निवडणूक न्यायाधिकरणाकडे गेला, तेथे फेरमोजणीचा आदेश मिळाला, उच्च न्यायालयाने तो रद्द केला आणि शेवटी सर्वोच्च न्यायालयाने यंत्रे दिल्लीला मागवून आपल्याच आवारात सर्व केंद्रांची मोजणी करवली. पराभूत ठरलेल्याला १०५१ मते निघाली आणि सरपंच झालेल्याला १०००. ऑगस्ट २०२५ मध्ये निकाल फिरला, तोपर्यंत पावणेतीन वर्षे दुसराच माणूस सरपंच होता.

यात यंत्र खरे निघाले आणि यंत्रावरून उतरवलेला आकडा चुकला. यंत्रवाद्यांनी आणि यंत्रविरोधकांनी दोघांनीही हे प्रकरण वाचावे. मला त्यातली पावणेतीन वर्षे जास्त बोचतात. निवडणूक याचिका शक्यतो सहा महिन्यांत निकाली काढावी असे लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५१ चे कलम ८६ सांगते. ते ‘शक्यतो’ आता काढायला हवे, किंवा उच्च न्यायालयात यासाठी स्वतंत्र न्यायमूर्ती तरी हवेत. मतदाराला ४५ दिवसांची मुदत काटेकोर आणि व्यवस्थेला मुदतच नाही, हे बरोबर नाही.

आणखी एक अडचण. डिसेंबर २०२४ मध्ये निवडणूक संचालन नियमांतील नियम ९३ बदलून मतदान केंद्रांचे सीसीटीव्ही चित्रण सामान्य जनतेच्या पाहणीतून वगळले गेले आणि मे २०२५ मध्ये आयोगाने, याचिका नसेल तर ते ४५ दिवसांनी नष्ट करण्यास कळवले. मतदारांची, विशेषतः स्त्रियांची, गोपनीयता हे आयोगाचे कारण पूर्ण उडवून लावण्यासारखे नाही. परंतु याचिकेत ठोस तथ्ये मांडावी लागतात आणि चित्रण बघायला मिळते ते याचिका दाखल झाल्यावरच, तर ती तथ्ये आणायची कुठून? किमान उमेदवाराला, अधिकाऱ्यासमोर बसून, ठरावीक केंद्राचे ठरावीक तास पाहता आले पाहिजेत.

जुना केंद्राध्यक्ष

केंद्रनिहाय आकडे जाहीर करण्याला माझा पाठिंबा आहे, पण खेड्यात त्याची दुसरी बाजूही असते. ‘तुमच्या वस्तीने आम्हाला मते दिली नाहीत’ म्हणून पाण्याचा टँकर उशिरा आलेला मी पाहिला आहे. यासाठीच आयोगाने २००८ मध्ये अनेक केंद्रांची मते एकत्र मोजणारे टोटलायझर सुचवले होते. म्हणून मतदानाच्या रात्री किती जणांनी मत दिले एवढाच केंद्रनिहाय आकडा जाहीर करावा. कोणाला किती मते पडली हे तसेही पुढे नमुना २० मध्ये, म्हणजे अंतिम निकालपत्रकात, येतेच, त्यात नवी भर घालू नये.

ओढ्याकाठी

काकांची दुरुस्ती घेतली. मसुद्यात आता चार मागण्या आहेत: मृत्यूच्या कारणावरून नाव काढताना दाखला किंवा पंचनामा आणि घरच्या पत्त्यावर सूचना, वगळलेल्या नावांची कारणांसह यादी गावात लावणे, १७-सी मधील एकूण मतदानाचा आकडा ४८ तासांत प्रसिद्ध करणे, आणि उमेदवाराला चित्रण पाहण्याचा मर्यादित अधिकार. याचिकांच्या कालमर्यादेसाठी विधी मंत्रालयाला वेगळे पत्र लिहू. मतपत्रिकेची मागणी घातलेली नाही, ‘खडा सवाल’ यांनी ती स्वतंत्रपणे जरूर पाठवावी, त्यावर मीही सही करेन की नाही हे अजून ठरवलेले नाही.

कोणाकडे २०२४ च्या १७-सी च्या प्रती असतील तर त्या आपापल्या मतदारसंघाच्या नमुना २० शी जुळवून पाहाव्यात आणि फरक असो वा नसो, येथे कळवावे. जुळले हे कळवणेही तितकेच महत्त्वाचे आहे.

जुना केंद्राध्यक्ष

प्रतिनिधी म्हणून बसणार असाल तर सोबत कार्बन पेपर, निळे पेन आणि संध्याकाळचा डबा घेऊन जा. शेवटची एसटी सोडून द्यावी लागेल, परतीच्या गाडीची सोय आधीच करून ठेवा.